ठाणे खाडीवरून मित्रास पत्र

ऐरोली,
२२ फेब्रुवारी २०२६

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. जानेवारीत तुला फोन केला होता, तेव्हा तू एवढंच म्हणालास, "दिलीप, आता तिथं काय उरलंय? तुम्ही जा, मला बोलावू नका." मी तेव्हा काही बोललो नाही. फोनवर असल्या गोष्टीला उत्तर देता येत नाही. गेल्या आठवड्यात चार दिवस सगळे माझ्याकडे राहायला होते, खाडीवर सुट्टी झाली, आणि आता उत्तर द्यायला माझ्याकडे काहीतरी आहे. पत्र लांबणार आहे. सवडीनं वाच.

नंदू पुण्याहून आला, श्रीपाद नाशिकहून, आणि मीनल गार्गीला घेऊन डोंबिवलीहून. गार्गी आता बारावीला आहे, परीक्षा डोक्यावर असूनही दोन दिवस हट्टानं आली. तारखा १३ ते १६ फेब्रुवारी अशा ठरवल्या, कारण त्याच चार दिवसांत जगभर ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो. कुठंही उभं राहायचं, किमान पंधरा मिनिटं पक्षी मोजायचे आणि यादी ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर, टाकायची. तुला हे नवीन नाही. तू हेच वहीत करायचास, आम्ही फोनवर करतो.

शुक्रवारी एकादशी होती. नंदूचा उपास, म्हणून संध्याकाळी रताळी उकडली आणि आम्ही सगळ्यांनीच तीच खाल्ली. जेवताना भरतीचा हिशोब निघाला आणि तुझी आठवण आली. तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता भरती, हे तूच आम्हाला शिवडीच्या धक्क्यावर शिकवलंस. द्वादशीला बारा, त्यातून पाव म्हणजे तीन कमी केले की नऊ. गार्गीनं लगेच फोनवर भरतीचं कोष्टक काढून पडताळलं. प्रत्यक्ष वेळ त्याहून तासाभरानं पुढं होती, शिवाय खाडीत इतकं आत पाणी पोचायला आणखी थोडा वेळ लागतोच. तरी अंदाज म्हणून पाऊणपट अजून चालते, आणि आजोबांच्या वेळचं गणित फोनशी साधारण जुळतं याचं त्या पोरीला फार अप्रूप वाटलं.

शनिवारी सकाळी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून होडी घेतली. तू इथं शेवटचा आलास तेव्हा जेट्टीकडे जाणारी लाकडी वाट होती का, मला नक्की आठवत नाही. दोन्ही बाजूंनी तिवरं, खाली चिखलातून वर आलेली त्यांची श्वासमुळं, पेन्सिली रोवून ठेवल्यासारखी. मीनलनं गार्गीला तिवराचं एक पान चाटायला सांगितलं. पानावर मीठ असतं, झाड खारं पाणी पितं आणि नको असलेलं मीठ पानांतून बाहेर टाकतं. गार्गीनं चाटलं, मग दुसऱ्या झाडाचं चाटलं. पुस्तकात वाचलेलं जिभेवर आलं की चेहरा कसा होतो ते बघायला तू हवा होतास.

होडीवरचे तांडेल इथल्याच कोळीवाड्यातले, साठीच्या घरातले. मी विचारलं, आज जवळून दिसतील का? ते पाण्याकडे बघून म्हणाले, "पानी भरू दे. भरलं का चिखल कमी होतो, मंग सगली पुढं येतात." एवढ्या एका वाक्यात खाडीवरचं पक्षीनिरीक्षण आलं. ओहोटीला दोन्ही काठांवर मैलोगणती गाळ उघडा असतो आणि पक्षी त्यावर विखुरतात, दुर्बिणीतही ठिपके दिसतात. पाणी चढायला लागलं की गाळाची पट्टी अरुंद होत जाते आणि सगळी गर्दी उरलेल्या चिखलावर, होडीच्या वाटेजवळ येते. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि पक्षी उडून जातात. त्या मधल्या तास-दीड तासात जे बघायचं ते बघून घ्यायचं.

आणि आम्ही बघितलं, सुहास. ऐरोलीचा पूल मागं पडला, विजेचे मोठे मनोरे पाण्यात उभे दिसायला लागले, आणि त्यांच्या पायाशी एक लांबच लांब गुलाबी पट्टा. आधी आवाज आला. रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, थवा लांबून हंसांच्या कळपासारखा, घशातल्या घशात बोलत असतो, थांबतच नाही. बहुतेक छोटे रोहित, गडद चोचींचे. त्यांच्यात मधूनमधून मोठे रोहित, उंच आणि फिकट, चोच गुलाबी आणि टोकाला काळी. करडी पिल्लंही होती, गेल्या वर्षीची असावीत. सगळ्यांच्या माना खाली आणि चोची उलट्या पाण्यात, गाळातलं पाणी आत ओढून जिभेनं बाहेर ढकलत, मध्ये शेवाळ अडवून. छोट्यांचं मुख्य अन्न ते निळं-हिरवं शेवाळ, आणि त्यातल्याच रंगद्रव्यांमुळे पंख गुलाबी. खाडीत शहराचं सांडपाणी येतं, त्यामुळे शेवाळ माजतं आणि त्यामुळे हे पक्षी इथं पोट भरतात असं बरेच अभ्यासक सांगतात. मला ही गोष्ट पूर्वी फार टोचायची. आता ती तशीच्या तशी नोंदवून ठेवावी असं वाटतं.

श्रीपादनं मोजायला घेतलं. पन्नासचा एक तुकडा नीट एकेक करून मोजायचा, तो तुकडा डोळ्यांत धरायचा आणि थव्यावर पुढं पुढं ठेवत जायचा. तो एका टोकाकडून, मी दुसऱ्या टोकाकडून. माझे तीन हजार चारशे झाले, त्याचे तीन हजार आठशे. बोलून छत्तीसशे लिहिले. मग कशानं तरी अर्धा थवा उठला. पंख मिटलेले असताना हा पक्षी फिकट गुलाबी. उघडले की आत लाल आणि कडेला काळा. अग्निपंख हे नाव कुणी दिलं असेल त्यानं त्यांना असंच उठताना बघितलं असणार. होडीत कुणी बोललं नाही. तांडेलांनी इंजिन बंद केलं होतं.

पण मला तुला फ्लेमिंगोंबद्दल फार लिहायचं नाही. त्यांचे फोटो सगळे काढतात. तू आम्हाला नेहमी म्हणायचास, गुलाबी बघून झालं की खाली मातकट बघा. म्हणून परतीच्या वाटेवर आम्ही तेच केलं, आणि त्या अर्ध्या तासानं सुट्टी वसूल झाली.

एका जागी, फार तर आपल्या जुन्या शाळेच्या वर्गाएवढ्या चिखलावर, लिटल स्टिंट होते, चिमणीएवढे, शिवणयंत्रासारखे टोचत चाललेले. त्यांची चोच बोटाच्या एका पेराएवढी, म्हणजे अगदी वरच्या थरातलं खाणं. त्यांच्या मागं रेडशँक, केशरी-लाल पायांचे, जरा खोल चोच घालणारे. पाण्याच्या कडेला पोटापर्यंत बुडून काळ्या शेपटीचे गॉडविट, त्यांची सरळ लांब चोच पार डोळ्यांपर्यंत गाळात. आणि सगळ्यांच्या पलीकडे एकटाच एक कर्ल्यू. ती खाली वाकलेली, कोयतीसारखी चोच त्यानं एका बिळात घातली, मान वळवली आणि चिंबोरीचं पिल्लू बाहेर ओढलं. पाण्यात नेऊन धुतलं, एकेक पाय झटकून टाकला, मग गिळलं. एकाच चिखलात प्रत्येकाचा मजला वेगळा, त्यामुळे हजारोंच्या पंगतीत भांडण नाही. गार्गीनं विचारलं, "हे सगळे कुठून येतात?" मी म्हणालो, यातले बरेचसे सैबेरियाकडून, मध्य आशियातून. ती त्या स्टिंटकडे बघत राहिली. पंचवीस-तीस ग्रॅमचा जीव. रोहित त्या मानानं जवळचे, त्यांतले बरेच कच्छच्या रणाकडून येतात. बीएनएचएसनं (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं) २०२२ मध्ये इथल्या सहा रोहितांच्या पाठीवर उपग्रहाचं यंत्र बसवलं होतं, त्यांतल्या एकाचं नाव त्यांनी 'नवी मुंबई' ठेवलं होतं. गार्गीला ते नाव इतकं आवडलं की दिवसभर प्रत्येक रोहिताला ती त्याच नावानं हाक मारत होती.

बाकी यादी: उचाट्या, शेकाट्या, चमच्या, चित्रबलाक, पांढरा शराटी, राखी बगळा, नदी सुरय, तपकिरी डोक्याचे कुरव पुष्कळ, एक कैकर मनोऱ्यावर मासा घेऊन बसलेला, आणि तिवरांत काळ्या डोक्याचा खंड्या. तो निळा-जांभळा रंग उन्हात आला तेव्हा नंदूनं माझा दंड इतका घट्ट धरला की अजून दुखतोय. त्याला हा पक्षी बावीस वर्षांनी दिसला.

त्या संध्याकाळी मीनलनं दिवाळे गावच्या बाजारातून बोंबील आणि निवट्या, ते चिखलातले छोटे मासे, आणले. मासेवाल्या मावशींनी सांगितलं, निवट्या आता पूर्वीसारख्या मिळत नाहीत, चिंबोऱ्याही नाहीत. आधी गाळात हात घातला की मिळायच्या, आता आत जावं लागतं, आणि पोरं जात नाहीत. सकाळी ज्या निवट्या चिखलावर कल्ले फुगवून उड्या मारताना बघितल्या त्याच रात्री कालवणात, याचं गार्गीला वाईट वाटलं. तिनं खाल्ल्या नाहीत. आम्ही तिला आग्रह केला नाही.

जेवणं झाल्यावर गच्चीत बसलो होतो. साडेदहाच्या सुमाराला तिवरांच्या बाजूनं कोल्हेकुई सुरू झाली. आधी एक, मग तीन-चार. ऐरोलीत, सुहास! इकडे कंपन्यांच्या काचेच्या इमारतींचे दिवे, तिकडे खाजणातून कोल्हे. खाडीच्या कांदळवनांत सोनेरी कोल्हे आहेत हे माहीत होतं, पण घरातून ऐकण्याची माझीही ही दुसरीच वेळ. आणि तिथंच, त्या आवाजानंतर, तुझा विषय निघाला.

नंदू म्हणाला, सुहासनं बंद केलं त्याला कारण आहे. आहेच. २०२४ चा तो उन्हाळा आपण कुणीच विसरलेलो नाही. नेरुळच्या तळ्यात खाडीचं पाणी येण्याची वाट बुजली, तळं आटलं, आणि वाट चुकलेले रोहित रस्त्यावर, पथदिव्यांखाली सापडायला लागले. तू त्यातला एक उचलून गाडीत ठेवलास आणि तो दवाखान्यात पोचायच्या आत तुझ्या मांडीवर गेला. मग मे महिन्यात घाटकोपरला रात्री विमानावर थवा आदळला आणि तीसच्या वर पक्षी एका झटक्यात मेले. त्यानंतर महिन्याभरात तू साताऱ्याला गेलास आणि दुर्बीण विकलीस. तुला दोष द्यायला मी हे लिहीत नाही. मी त्या गाडीत तुझ्या शेजारी बसलो होतो.

पण एक गोष्ट मला त्या रात्री गच्चीत कळली, ती सांगतो. खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, १६९० हेक्टर. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. हे सगळं कागदावर आहे आणि चांगलं आहे. पण नेरुळची तळी त्या अभयारण्याच्या हद्दीबाहेर. आणि पक्ष्याला ती हद्द ठाऊक नाही. भरतीला खाडीतला चिखल बुडाला की त्याला दोन-तीन तास उभं राहायला उथळ पाणी लागतं. ती जागा म्हणजे ही तळी. तळं गेलं तर तो भरतीभर भटकणार, रात्रीही, दिव्यांतून आणि तारांमधून. जेवणाची जागा वाचवली आणि बसायची जागा काढून घेतली, तर पाहुणा किती दिवस येईल? आता कुणी विचारलं की या तळ्यात पूर्वी किती पक्षी बसत होते, तर दाखवायला काय आहे? ई-बर्डवर या तळ्याच्या सलग नोंदी मी शोधल्या, त्या बऱ्याच अलीकडच्या आहेत. त्याआधीचं तळं फक्त आठवणीत आहे. आणि तुझ्या वह्यांत.

रविवारबद्दल थोडक्यात लिहितो. महाशिवरात्र होती, नंदूनं साबुदाण्याची खिचडी केली, सकाळी वाशीच्या खाडीकिनारी फिरलो, गर्दी फार होती, यादी एकोणीस जातींची. दुपारी मीनल आणि गार्गी परत गेल्या. मार्श हॅरिअर, आपला भोवत्या, एकदा तिवरांवरून तिरपा तरंगत गेला, तेवढं लक्षात आहे.

सोमवारी आम्ही तिघंच नेरुळला गेलो. मला खरं तर जायचं नव्हतं. श्रीपाद म्हणाला, जायचं आणि मोजायचं, काही नसेल तर शून्य लिहायचं. शून्य हीसुद्धा नोंद आहे. सव्वानऊला पोचलो. तळ्यात पाणी होतं. काठाला शेकाट्या, दोन राखी बगळे, वंचक, आणि रोहित एकही नाही. पंधरा मिनिटांची पहिली यादी बंद केली, रोहितांसमोर काही नाही. श्रीपाद गाडीकडे निघाला. मी म्हणालो, चतुर्दशी आहे, साडेदहा आणि वर तासभर, थांबूया. उद्या अमावास्या, म्हणजे पाणी रोजच्यापेक्षा चढतं असणार.

थांबलो. सकाळी फिरायला येणारी माणसं येत होती, जात होती. एक आजोबा रोज येतात, त्यांनी आम्हाला विचारलं, आज आले का? नाही म्हटल्यावर ते आमच्या शेजारी उभे राहिले. पावणेअकराला खाडीच्या बाजूनं तिवरांवरून एक ओळ आली. माना पुढं, पाय मागं, ताणलेली. मग दुसरी. तळ्यावर एक फेरी घालून उतरायला लागले. उतरताना चार पावलं पाण्यावर धावतात तसे धावले आणि उभे राहिले. काहींनी लगेच मान पाठीवर टाकली आणि एका पायावर झोपले. आम्ही मोजत राहिलो. दोनशे बारा. आजोबा म्हणाले, "बघा, पाणी आलं की येतात." त्यांच्याकडे दुर्बीण नव्हती, पण दोन वर्षांत एकही सकाळ त्यांनी चुकवली नव्हती.

दोनशे बारा म्हणजे पुष्कळ की थोडे? मला सांगता येईना. श्रीपादलाही नाही. तुझ्या वहीत याच तळ्याच्या, याच महिन्यातल्या, अशाच चतुर्दशीच्या नोंदी आहेत. मला त्या निळ्या पुठ्ठ्याच्या वह्या डोळ्यांसमोर दिसतात. १९९७ च्या थंडीपासूनच्या. डाव्या पानावर तिथी, भरतीची वेळ, वारा. उजव्या पानावर आकडे. तू पेन्सिलीनं लिहायचास, कारण पावसात शाई पसरते. पण त्या पानांवर काय लिहिलंय ते मला आठवत नाही, आणि तूही एक दिवस विसरशील.

ई-बर्डवर जुन्या याद्या भरता येतात. जागा, तारीख, किती वेळ उभे होतो आणि आकडे, एवढं असलं की पुरतं. तुझ्याकडे ते सगळं आहे, उलट त्याहून जास्त आहे. मी हिशोब केला: मी, श्रीपाद आणि नंदू रोज रात्री एक तास बसलो तर पावसाळ्यापर्यंत सगळ्या वह्या भरून होतील. गार्गी म्हणते, परीक्षा झाली की तीही बसेल, तिचं टायपिंग आमच्यापेक्षा चांगलं आहे. नाव तुझंच राहील. त्या पहाटे उठून नेरुळला जाणारा तू होतास.

तुला खाडीवर ये असं मी म्हणत नाही. दुर्बीण परत घे असंही म्हणत नाही. तू विचारलंस काय उरलंय, तर हे उरलंय: साधारण छत्तीसशे रोहित शनिवारी, दोनशे बारा सोमवारी, एक कर्ल्यू, गच्चीतून ऐकू येणारे चार कोल्हे, आणि रोज सकाळी तळ्यावर येणारे एक आजोबा. हे पूर्वीपेक्षा किती कमी आहे ते फक्त तू सांगू शकतोस.

वह्या पोस्टानं पाठवू नकोस, मला धीर होणार नाही. स्वतः घेऊन ये. पाडवा १९ मार्चला आहे. त्याच्या आदल्या रविवारी, १५ तारखेला, एकादशी येते, म्हणजे सव्वाआठ आणि वर तासभर. शनिवारी दुपारच्या एसटीनं निघालास तर संध्याकाळपर्यंत वाशीला पोचशील. मी न्यायला येतो. रविवारी सकाळी वाटलं तर नेरुळला जाऊ, नाही वाटलं तर घरीच बसून पहिली वही उघडू. वहिनींना नमस्कार, आईंच्या तब्येतीचं कळव. गुडघ्याला कोणतं तेल लावतात ते त्यांनी मागे सांगितलं होतं, ते नावही लिहून पाठव, माझ्या आईला हवंय.

तुझा,
दिलीप

ता. क. निवट्यांचं कालवण तुझ्या वाटणीचं शिल्लक नाही. नंदूनं संपवलं. मार्चमध्ये पुन्हा करू.